पडदा शाबूत, कान स्वच्छ, तरी दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. यात पडद्यामागच्या त्या तीन हाडांचा (हातोडी, ऐरण, रिकीब) संबंध असतो का?

असतो, आणि तुमच्या बाबतीत मला पहिला संशय त्यांचाच. वय 34, पडदा शाबूत, आणि ‘बसच्या गोंगाटात उलट बरं ऐकू येतं’ हे तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य. नस कमजोर असलेला माणूस गोंगाटात गोंधळतो. रिकीब घट्ट झालेल्याला गोंगाटच कमी पोचतो, आणि समोरचे मात्र आवाज चढवून बोलतात. दुकानात तुम्हाला ‘नस कमजोर’ म्हणून ऐकण्याचं मशीन गळ्यात मारताना हे कोणी विचारलं?

आतल्या कानात पाणी. हवेतला आवाज थेट पाण्यावर आपटला तर जवळजवळ सगळा परत फिरतो, म्हणून ही तीन हाडांची साखळी दाब वाढवून तो आत पोचवते. पडद्याचा कामाचा भाग साधारण 55 चौ.मिमी, रिकिबीचा तळ 3.2, म्हणजे दाब 17 पट. हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्याहून लांब, त्या तरफेचे 1.3 पट. गुणाकार 22, म्हणजे सुमारे 27 डेसिबल. पडद्यामागे साखळी तुटली तर तोटा 60 पर्यंतही जातो, कारण मग पडदाच आवाज अडवतो. तुटते ती बहुधा ऐरणीच्या लांब दांड्याच्या टोकाला, तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा. पण ते कान वाहणाऱ्यांत किंवा डोक्याला मार लागलेल्यांत. तुमच्या वयात, कोरड्या कानात, रिकिबीचा तळ भोवतीच्या हाडाला धरून बसतो. त्याला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात.

‘ऑडिओमेट्री (यंत्रावरची श्रवणचाचणी) असताना नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कशाला?’ असं आमच्यातलेच म्हणतात. मला पटत नाही. 512 हर्ट्झचा काटा कोपरावर मारायचा, टेबलावर नाही, नाहीतर वरचे सूर मिसळतात. 256 चा नको, तो हाडावर ऐकू येण्याऐवजी थरथर म्हणून जाणवतो. आधी बूड कानामागच्या हाडावर, मग पाती कानासमोर दोनेक सेंटीमीटरवर. हाडावर मोठा वाटला तर अडथळा पडदा किंवा साखळीत. एक मिनिट लागतं. नुसता हेडफोन लावून काढलेल्या रिपोर्टमध्ये हे कधीच कळत नाही. मोबाइलच्या ॲपमध्येही नाही.

बीसी (हाडातून किती ऐकू येतं त्याची चाचणी) काढली तरी एक चकवा आहे: रिकीब धरली की तिच्या आलेखात 2000 हर्ट्झला खळगा पडतो. तो नसेचा समजून ‘आता इलाज नाही’ म्हणणारे भेटतील. ऑपरेशननंतर तो बराचसा भरून येतो. 1956 मध्ये जॉन शी यांनी रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली. आता बहुधा तळाला मिलिमीटरहून लहान भोक पाडून पिस्टन (बारीक कृत्रिम दांडी) ऐरणीला अडकवतात. आधी जास्त खराब कान, दुसरा नंतर, कारण शंभरात एखादा कान पूर्ण जातो.

आणि हो, मशीन घेणं चूक नाही. अशा कानाला ते छान चालतं, ऑपरेशन नको असेल तर तेच घ्या. काट्याच्या चाचणीतही एक कान ठार बहिरा असेल तर दुसरा कान उत्तर देतो, म्हणून मास्किंग (त्या दुसऱ्या कानात गोंगाट सोडून त्याला गुंतवणं) लागतंच. पण रिपोर्टवर बीसीची रेघच नसेल, तर त्यावर मशीन घेऊ नका.