नियम लेखी माग

प्रिय मुली,

तू पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलगी, म्हणून जिल्ह्याच्या महिला क्रिकेट संघाच्या निवड चाचणीला येऊ नकोस असं तुला तोंडी सांगितलं आणि तू तशीच घरी परतलीस, हे वाचून फार वाईट वाटलं. गोलंदाजीच सोडावी असं तुझ्या मनात घोळतंय. ते ठरवण्याआधी रेनी रिचर्ड्‌सची लढाई नीट समजून घे. व्यावसायिक टेनिस खेळलेली पहिली पारलिंगी स्त्री म्हणून तिचं नाव सगळे घेतात. पण तिने नेमकं काय मागितलं आणि कसं मागितलं, ते तुझ्या उपयोगाचं आहे.

रेनी न्यूयॉर्कची नेत्रशल्यविशारद. येल विद्यापीठाच्या पुरुष टेनिस संघाचं कर्णधारपद तिने भूषवलं होतं. १९७५ मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि कॅलिफोर्नियात नव्याने आयुष्य सुरू केलं. पुढच्याच वर्षी तिथल्या एका स्पर्धेत खेळत असताना टीव्हीच्या वार्ताहराने तिचं पूर्वायुष्य जगजाहीर केलं. न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजच्या स्पर्धेचं तिला आमंत्रण मिळालं, तर ३२ पैकी २५ जणींनी माघार घेतली. पंचवीस जणी! ती तरीही खेळली आणि उपांत्य फेरीत एका १७ वर्षांच्या मुलीकडून हरली.

त्याच वर्षी अमेरिकी टेनिस संघटनेने महिलांसाठी गुणसूत्र चाचणी आणली. गालाच्या आतून पेशी खरवडून घ्यायच्या आणि बहुतेक बायकांमध्ये असणाऱ्या दुसऱ्या एक्स गुणसूत्राची खूण दिसते का ते पाहायचं. रेनीने नकार दिला, तिला यूएस ओपनमध्ये प्रवेश मिळाला नाही, आणि ती न्यायालयात गेली.

तिची मागणी अगदी नेमकी होती: एवढ्या एका चाचणीवरून मला खेळण्यापासून रोखू नये. त्यासाठी तिने डॉक्टरांची शपथपत्रं जोडली. आणि बिली जीन किंगचं. बिली जीन तिच्याबरोबर खेळली होती. रेनीला इतर बायकांपेक्षा ताकदीचा वरचढपणा नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पंचवीस जणी बाहेर पडल्या होत्या, आणि त्या काळातली महिला टेनिसमधली सगळ्यात वजनदार बाई तिच्या बाजूने उभी राहिली. १६ ऑगस्ट १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती आल्फ्रेड आस्किओने यांनी ती अट अन्यायकारक आणि भेदभावाची ठरवली.

लगेचच ती यूएस ओपनसाठी फॉरेस्ट हिल्सच्या कोर्टवर उतरली. एकेरीत पहिल्याच फेरीत, त्या वर्षीची विम्बल्डन विजेती व्हर्जिनिया वेडने तिला हरवलं. दुहेरीत मात्र ती अंतिम फेरीपर्यंत गेली आणि मार्टिना नवरातिलोव्हा व बेटी स्टोव्ह यांच्या जोडीकडून हरली. पुढे याच मार्टिनाची ती प्रशिक्षक झाली. १९७९ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, ती जागतिक क्रमवारीत विसावी होती. खटला चालू असताना तिचा सराव सुटला असता तर हे काहीच घडलं नसतं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. उतारवयात रेनीने स्वतःच म्हटलं, की आपण विशीत हा बदल करून उतरलो असतो तर इतर बायकांपेक्षा वरचढ ठरलो असतो. हा प्रश्न तुलाही विचारला जाईल. चिडू नकोस. समोरच्या मुलींनीही कष्टानेच जागा कमावलेली असते, त्यांची शंका ऐकून घे आणि उत्तर दे.

आजचे नियम तिच्या काळापेक्षा कडक आहेत. कॅनडाची पारलिंगी क्रिकेटपटू डॅनियल मॅकगाही सप्टेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय टी-२० खेळली. नोव्हेंबरमध्ये आयसीसीने, मुलगा म्हणून वयात आलेल्या, म्हणजे शरीरात पुरुषी बदल झालेल्या, पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट बंद केलं. पण त्याच वेळी देशांतर्गत सामन्यांचा निर्णय त्या त्या मंडळावर सोडला. तुझा प्रश्न जिल्ह्याच्या संघाचा आहे, म्हणजे तुला आयसीसीचा नियम दाखवून घरी पाठवणं पुरेसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंग-ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे, तोही अर्जात लिही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत पारलिंगी उमेदवारांसाठी शारीरिक चाचणीचे निकष ठरवायला राज्य सरकारला लावलं, त्याचाही उल्लेख कर. तो निकाल खेळाचा नाही, पण निकषच नाहीत म्हणून कुणाला दाराबाहेर ठेवता येत नाही, हे त्यातून दिसतं.

तेव्हा पहिलं काम: मला कोणत्या नियमाखाली नाकारलं, हे लेखी विचार. पोचपावती घे. उपचारांचे आणि हार्मोनच्या तपासण्यांचे सगळे कागद तारीखवार एका फाइलमध्ये लाव. ते वकिलाला दाखव, वर्तमानपत्राला नको. तुझं पूर्वायुष्य कुणाला किती सांगायचं हे तूच ठरवायचंस.

आणि तुझ्या गोलंदाजीवर नेटमध्ये रोज खेळणाऱ्या मुलींशी बोल. त्यांच्यातली एक जरी तुझ्याबद्दल सही करून लिहून द्यायला तयार झाली, तर तिला माझ्याकडे घेऊन ये. अर्जाचा मसुदा आपण तिघी मिळून करू. तोवर सकाळचा सराव चुकवू नकोस.

तुझी,
बाई