माझ्या १३ वर्षांच्या मांजरीला थायरॉइडच्या गोळीने उलट्या होतायत, दोन दिवस नीट खात पण नाहीये. गोळी बंद करू का?

पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. मला उलट्यांपेक्षा ती खात नाहीये याची जास्त काळजी वाटतेय, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की लिव्हरमधे चरबी साठून वेगळंच दुखणं उभं राहू शकतं, त्यामुळे पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. आणि आत्ता लगेच तिच्या हिरड्या आणि कानाची आतली बाजू उजेडात बघा, पिवळसर दिसली तर फोन पण नको, उचला आणि सरळ दवाखान्यात न्या.

आमच्या चिंगीला १४व्या वर्षी हायपरथायरॉइड निघाला, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत होता. दणकून खायची आणि तरी वाळत चालली होती, रात्रभर घरात ओरडत फिरायची. तिला कार्बिमाझोल दिली होती, माणसांच्या मेडिकलमधे मिळते तीच. ती शरीरात गेली की तिचं मेथिमाझोलच होतं, त्यामुळे तुम्हाला दोन्हीपैकी कुठलंही नाव लिहून दिलं असलं तरी साइड इफेक्ट तेच. पहिल्या काही आठवड्यांत उलटी, भूक मरणं, मलूल पडून राहणं हे होऊ शकतं. चिंगीला नवव्या दिवशी सुरू झालं. डॉक्टरांनी चार दिवस गोळी थांबवली, मग कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवली आणि उलट्या थांबल्या. कानाच्या आत लावायचं जेलही असतं, त्याने पोटाचा त्रास कमी होतो, पण ते हातमोजे घालूनच लावायचं. आणि घरात कोणी गरोदर असेल तर गोळी असो की जेल, तिला हात लावू देऊ नका.

पण मला मुख्य सांगायचंय ते खाजेबद्दल, कारण तिथे आम्ही चुकलो. सातव्या आठवड्यात चिंगी तोंड आणि मान ओरबाडायला लागली, डोळ्यांच्या वर कातडी सोलून रक्त आलं. आम्हाला वाटलं पिसवा, मग मानेवर ड्रॉप टाक, कान साफ कर, गादी धू, यात १२ दिवस गेले आणि त्या १२ दिवसांत आम्ही रोज दोन वेळा तीच गोळी तिला भरवत होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, थायरॉइडची गोळी चालू आहे का. हा गोळीचाच साइड इफेक्ट, आणि यात डोस कमी करून किंवा जेलवर जाऊन भागत नाही कारण औषध तेच राहतं, ते बंदच करावं लागतं. तिची थायरॉइडची गाठ गळ्याच्या एकाच बाजूला होती म्हणून पुढे ऑपरेशन केलं. ते १२ दिवस मला अजून टोचतात. तुमची तोंड खाजवायला लागली तर थांबू नका, लगेच दाखवा.

रक्त तपासायला गोळी सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की नेतात. टी-फोरच्या (थायरॉइडच्या हार्मोनच्या) जोडीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनी पण करायला सांगा, कारण ही गोळी क्वचित पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पण पाडते. ताप आला, नाकातून रक्त आलं तर रिपोर्टची तारीख बघत बसू नका. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर मात्र गोळीने किडनी खराब केली असं लगेच समजू नका. थायरॉइड वाढलेला असतो तेव्हा किडनीतून रक्त जोरात वाहतं आणि आधीपासून असलेला बिघाड झाकला जातो, गोळी लागू पडली की तो दिसायला लागतो. तेव्हा डोस किती ठेवायचा हे डॉक्टरच ठरवतील, मनाने बंद करू नका.

फोन करताना गोळी कधी सुरू केली, किती एमजी, उलटी डोसनंतर किती वेळाने होते आणि शेवटचं नीट कधी जेवली हे लिहून समोर ठेवा. तोवर मासा किंवा चिकन उकडून किंचित कोमट करून, मीठमसाला न घालता, बोटाने चाटवून बघा. आमची तेवढंच खायची.