माळढोक आणि वोलेमी पाइन: यांपैकी कोणाला वाचवणे अधिक कठीण आहे?

दोन्ही प्रजाती अतिसंकटग्रस्त आहेत, तरी माझ्या मते माळढोक वाचवणे कितीतरी अधिक कठीण आहे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधल्या खोल घळींत १९९४ साली सापडलेल्या वोलेमी पाइनची शंभरहून कमी प्रौढ झाडे निसर्गात उरली आहेत. मुळे कुजवणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू आणि वणवा हे त्याचे मोठे शत्रू आहेत. मात्र झाड जागचे हलत नाही, त्यामुळे २०१९-२० च्या वणव्यात अग्निशमन दलाने नेमक्या त्याच घळी राखल्या. शिवाय फांदीच्या छाटापासून त्याची रोपे करता येतात आणि ती जगभरच्या बागांत वाढत आहेत.

माळढोकाला छाटकलम नाही. मादी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. डोळे बाजूंना असल्याने या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि वीजतार अगदी जवळ आल्यावर एवढे जड शरीर वळवणे त्याला जमत नाही. त्याला विस्तीर्ण गवताळ माळ लागतो, आणि आपण तर त्याला पडीक जमीन ठरवून टाकले आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातही आता तो क्वचितच दिसतो. जैसलमेरमधील कृत्रिम प्रजननातून पिल्ले मिळत आहेत, ही मोठी आशा आहे. परंतु तारा भूमिगत झाल्याखेरीज ती पिल्ले सोडायची कुठे?