स्ट्रेचरवरची गोळी, गालावरचं मेण : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येच्या तपासाची रूपरेषा दिली होती. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, दुपारी साडेबारा. ली हार्वे ऑस्वाल्डने पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरून तीन गोळ्या झाडल्या, असं तपासासाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने १९६४ मध्ये म्हटलं. त्यातली एक गोळी केनेडी आणि पुढे बसलेले गव्हर्नर कॉनली या दोघांच्याही अंगातून गेली, असंही आयोगाचं म्हणणं होतं. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने मात्र ‘बहुधा कट होता’ असा निष्कर्ष काढला. त्यावर पत्रं पुष्कळ आली. ‘कट कुणाचा?’ एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. इथे फक्त पुराव्याच्या वस्तूंबद्दल बोलू.

प्रश्न : दोन माणसांच्या अंगातून जाऊन, बरगडी आणि मनगटाचं हाड मोडून गोळी जवळपास अखंड कशी राहते? ती नंतर आणून ठेवली असेल, हे शक्य नाही का? (निवृत्त पोलीस हवालदार, परभणी)

उत्तर : यात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. गोळीचा आकार हा एक. ती कुठून कुणाच्या हातात गेली, हा दुसरा. लोक पहिल्यावर भांडतात; खरी पोकळी दुसऱ्यात आहे.

आधी आकार. ही ६.५ मिलिमीटरची, लांबट, बोथट नाकाची, पूर्ण तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असलेली लष्करी गोळी. अशी गोळी फुटू नये म्हणूनच बनवलेली असते. सापडलेल्या गोळीचं वजन १५८.६ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.२८ ग्रॅम. न झाडलेली गोळी १६० ते १६१ ग्रेनची असते. म्हणजे घट दीड-दोन ग्रेनची. ‘अगदी कोरी’ असं जे म्हटलं जातं ते खरं नाही. बाजूने पाहिलं तर ती चपटी झालेली आहे आणि बुडातून थोडं शिसं बाहेर आलेलं आहे. समोरून काढलेला फोटो छापला की हे दिसत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच छापतात.

विरुद्ध बाजूचा मुद्दाही कच्चा नाही. प्रयोगात तशीच गोळी मृतदेहाच्या मनगटावर थेट झाडली तेव्हा तिचं नाक चेपलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनीही आयोगापुढे या गोळीबद्दल शंका बोलून दाखवली होती. याला उत्तर असं देतात की प्रयोगातली गोळी पूर्ण वेगात हाडावर आदळली, तर ही मान आणि छाती पार करून, वेग बराच गमावून मनगटापर्यंत आली. वेग कमी तर चेपणंही कमी. शास्त्राच्या दृष्टीने हे बसतं. ‘बसतं’ म्हणजे ‘सिद्ध झालं’ नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं.

आता ताबा. गोळी पार्कलंड रुग्णालयात लिफ्टजवळच्या एका स्ट्रेचरवर देखभाल कर्मचाऱ्याला मिळाली. त्याने ती रुग्णालयाच्या सुरक्षा प्रमुखाला दिली, त्याने सिक्रेट सर्व्हिसच्या (अध्यक्षांची सुरक्षा पाहणारी यंत्रणा) एजंटला, त्याने वॉशिंग्टनमध्ये आपल्या प्रमुखाला. तिथून ती एफबीआयच्या (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) एजंटकडे आणि त्याच रात्री प्रयोगशाळेत पोहोचली. सहा हात. १९६४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा पहिल्या चौघांपैकी एकालाही ‘हीच ती’ असं खात्रीने सांगता आलं नाही. एफबीआयच्या दोघांनी ओळखली, कारण तिच्यावर खूण त्यांच्याकडे आल्यावर झाली. ज्या स्ट्रेचरवर ती मिळाली तो कॉनलींचाच होता, हेही कर्मचाऱ्याला ठाम सांगता येईना. तिथे दोन स्ट्रेचर होते. जागेवर फोटो नाही, लाखेचा शिक्का नाही, पंच नाहीत. २०२३ मध्ये सिक्रेट सर्व्हिसचे जुने एजंट पॉल लँडिस यांनी सांगितलं की गोळी आपल्याला मोटारीत मिळाली आणि ती आपणच केनेडींच्या स्ट्रेचरवर ठेवली. साठ वर्षांनी आलेल्या अशा जबाबाला किती वजन द्यायचं ते तुम्ही नोकरीत शिकलाच असाल. पण पहिल्याच तासात खूण झाली असती तर या जबाबाला शिरायला फटच उरली नसती.

मग ‘आणून ठेवली’ का? गोळीवरचे ओरखडे गोदामात मिळालेल्या सी २७६६ क्रमांकाच्या रायफलीशी जुळतात. मोटारीच्या पुढच्या भागात मिळालेले दोन मोठे तुकडेही त्याच रायफलीशी जुळतात, आणि ते या सहा हातांतून गेलेले नाहीत. म्हणून स्ट्रेचरवरची गोळी संपूर्ण बाजूला काढली, तरी रायफल मोटारीशी जोडलेलीच राहते. अडचण येते ती एका गोळीत दोघे जखमी झाले या भागाला.

प्रश्न : पण एका गोळीचा हट्ट कशाला? दोघांना दोन वेगळ्या गोळ्या लागल्या असं का मानत नाहीत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

उत्तर : गणितामुळे. प्रसंगाचं चित्रण करणारा घरगुती ८ मिलिमीटरचा कॅमेरा सेकंदाला १८.३ फ्रेम घेत होता. ती रायफल बोल्ट ओढून पुन्हा झाडायला किमान २.३ सेकंद लागतात, असं एफबीआयने मोजलं. १८.३ गुणिले २.३, म्हणजे ४२ फ्रेम. फिल्ममध्ये केनेडी फ्रेम २२५ च्या सुमारास रस्त्यावरच्या फलकामागून बाहेर येतात तेव्हा त्यांचे हात गळ्याकडे चाललेले आहेत, आणि त्यानंतर ४२ फ्रेम जायच्या आत कॉनलीही कळवळलेले दिसतात. म्हणजे एक तर गोळी एकच, नाहीतर बंदूकधारी दोन. आयोगाला पहिलं पटलं.

‘गोळीने हवेत वळणं घेतली’ असं दाखवणारी आकृती तुम्ही पाठवली आहे. तिच्यात कॉनलींना केनेडींच्या बरोबर पुढे आणि त्याच उंचीवर बसवलं आहे. प्रत्यक्षात त्यांची घडीची खुर्ची खाली होती आणि मोटारीच्या आतल्या बाजूला सरकलेली होती. शिवाय ते उजवीकडे वळले होते. तसं बसवून रेघ ओढली की ती बरीचशी सरळ येते.

इथेही कच्चा दुवा माणसांनीच ठेवला. डॅलसच्या डॉक्टरांनी श्वासासाठी गळ्यातल्या जखमेवरच छेद घेतला. संध्याकाळी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा नौदल रुग्णालयातल्या शवविच्छेदनात तो नुसता श्वासनलिकेचा छेद समजला गेला. खाली जखम होती हे तिथल्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कळलं, तोवर शव हातचं गेलं होतं. पाठीपासून गळ्यापर्यंतचा मार्ग कापून पाहिलाच गेला नाही. मुख्य डॉक्टरांनी आपली मूळ टिपणं घरी जाळली, ती वेगळीच कथा.

प्रश्न : ऑस्वाल्डच्या गालावर बारूद सापडली नाही असं वाचलं. मग रायफल त्याने झाडलीच नाही ना? (शेतकरी, भोकरदन, जि. जालना)

उत्तर : ती मेणाची चाचणी होती. वितळलेलं पॅराफिन हातावर व गालावर थापायचं, थंड झाल्यावर साल काढायची आणि तिच्यावर रसायन टाकायचं. निळे ठिपके उमटले की नायट्रेट आहे. ऑस्वाल्डचे दोन्ही हात निळे झाले, उजवा गाल नाही.

आता तुमच्याच शेतातलं उदाहरण घ्या. कपाशीवर तेरा शून्य पंचेचाळीसची फवारणी करून तुम्ही हात न धुता चाचणीला बसलात, तर हात निळे होतील. ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच. (युरियाचं तसं नाही, त्यात नायट्रेट नसतं.) तंबाखू मळली तरी निळे होऊ शकतात. म्हणजे ‘हो’ आलं तरी त्यातून फारसं कळत नाही. उलटही तसंच. एफबीआयने आपल्या माणसाकडून तीच रायफल झाडून घेतली तर त्याच्या गालावरही काही आलं नाही, हातावरही नाही. बोल्टची रायफल मागून घट्ट बंद असते, धूर तोंडाकडे फारसा येत नाही. रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या फटीतून मात्र तो हातावर येतो, आणि अटकेच्या वेळी ऑस्वाल्डकडे रिव्हॉल्व्हर होतं.

त्यामुळे या चाचणीवरून तो सुटतही नाही आणि अडकतही नाही. तरी दोन्ही बाजू ती साठ वर्षं वापरत आल्या आहेत. आता मेण कुणी वापरत नाही. हातावरून चिकटपट्टीने कण उचलतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शिसं, बेरियम व अँटिमनी एकाच कणात आहेत का ते पाहतात. चार-सहा तासांच्या आत कण घेतले तर ठीक. आरोपीने हात धुतले, खिशात घातले किंवा त्याला पोलीस गाडीत बसवून फिरवलं, की कण गळतात; कधी गाडीतलेच कण हाताला लागतात.

प्रश्न : रायफल आधी ‘माउझर’ म्हणून नोंदली, मग ती ‘कारकानो’ कशी झाली? (वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : पाहणाऱ्याने लांबून पाहून नाव घेतलं. जुन्या ७.६५ मिलिमीटर माउझरच्या एका प्रकारालाही या इटालियन रायफलीसारखीच खाली आलेली काडतुसांची पेटी असते. हिच्यावर ‘मेड इटली’ आणि ‘कॅलिबर ६.५’ कोरलेलं आहे. पंचनाम्यात हत्याराची जात अंदाजाने लिहू नये, ते यासाठीच. लांबी, लाकडाचा रंग, कोरलेली अक्षरं, क्रमांक एवढं लिहावं. जात प्रयोगशाळा सांगेल.

प्रश्न : बॅरलवरचा तळव्याचा ठसा आठवड्याने कसा उगवला? (वकील, बीड)

उत्तर : डॅलसच्या अधिकाऱ्याने ठसा २२ तारखेच्या रात्री उचलला आणि उचललेली पट्टी स्वतःकडे ठेवून रायफल तेवढी एफबीआयला दिली. एफबीआयच्या तज्ज्ञाला दुसऱ्या दिवशी बॅरलवर कामाचा ठसा दिसला नाही, तिथून काही उचलल्याची खूणही दिसली नाही. पट्टी २९ तारखेला पोहोचली. संशय येणारच. पुढे १९६४ मध्ये पट्टीवर ठशासोबत आलेले धातूचे बारीक खड्डे-ओरखडे बॅरलवरच्या खड्ड्यांशी जुळवले गेले. म्हणजे पट्टी त्याच बॅरलवरून उचलली होती.

वकील म्हणून तुम्हाला याहून उपयोगी मुद्दा : तो ठसा बॅरलच्या खालच्या बाजूला, लाकडाने झाकलेल्या भागावर होता. रायफल सुटी केल्याशिवाय तिथे हात लागत नाही. त्यामुळे कधीतरी त्याने ती सुटी केली होती, एवढंच तो सांगतो. त्या दुपारी कुणी झाडली, ते त्यातून कळत नाही.

प्रश्न : १९७९ च्या समितीला चौथी गोळी ‘ऐकू’ आली होती. ते पुढे का मोडलं? (ध्वनिमुद्रण व्यावसायिक, नांदेड)

उत्तर : पोलीस मोटारसायकलचा माइक चालू राहिला आणि नियंत्रण कक्षात प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर खरखर मुद्रित होत गेली, असं गृहीत धरलं होतं. तिच्यातल्या खटक्यांची तुलना १९७८ मध्ये त्याच चौकात झाडलेल्या चाचणी-गोळ्यांच्या प्रतिध्वनींशी केली. चौकालगतच्या गवताळ टेकाडावरून एक गोळी सुटल्याची शक्यता ९५ टक्के, असं निघालं. ज्याचा माइक समजला गेला त्या पोलिसाने मात्र ते नाकारलं.

१९८२ मध्ये नॉर्मन रॅमझी यांच्या अध्यक्षतेखालच्या शास्त्रज्ञ समितीने दाखवलं की त्या खटक्यांच्याच जागी दुसऱ्या वाहिनीवरचं शेरीफचं बोलणं पुसटसं शिरलं आहे. ते बोलणं हत्येनंतर साधारण मिनिटभराचं. म्हणजे ते खटके गोळ्यांचे असूच शकत नाहीत. ही गोष्ट पहिल्यांदा कानाने पकडली ती ओहायोतल्या एका ड्रमवादकाने, मासिकासोबत मिळालेली रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून. सुई उडाल्याने बोलणं चुकीच्या जागी आलं, असा आक्षेप २००१ नंतरही घेतला गेला आणि त्याला उत्तरंही आली. तुमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको : दोन यंत्रांचा वेग एक नसताना वेळ जुळवायची तर दोन्हीकडे सापडणारा एक आवाज लागतो. तो आवाज शेरीफच्या बाजूने साक्ष देतो.

प्रश्न : आपल्याकडे राजीव गांधी खटल्यातल्या बॅटऱ्यांचा वाद असाच का? (शिक्षिका, धाराशिव)

उत्तर : नाही, तो वेगळ्या जातीचा आहे. हत्येतल्या बॉम्बसाठीच्या ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आरोपी पेरारिवलनने आणून दिल्या, यापेक्षा त्या कशासाठी हे त्याला ठाऊक होतं का, हा वाद. आधार होता टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबाचा. एरवी पोलिसापुढची कबुली आपल्या न्यायालयात चालत नाही. टाडाच्या कलम १५ ने ती चालवली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाडाचे गुन्हे लागू नाहीत म्हटलं, तरी कबुलीजबाब पुरावा म्हणून धरले. २०१३ मध्ये जबाब नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानेच जाहीर सांगितलं की ‘कशासाठी ते मला माहीत नव्हतं’ हे आरोपीचं वाक्य आपण लिहिलं नव्हतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. स्ट्रेचरवरच्या गोळीत वस्तूचा ताबा तुटला होता. इथे वस्तू जागेवर आहे, वाक्य गहाळ आहे.

प्रश्न : गावात गोळीबार झाला आणि पोलीस यायच्या आधी पुंगळी दिसली, तर काय करावं? (सरपंच, ता. गंगाखेड)

उत्तर : उचलू नका. वर पातेलं-टोपलंही झाकू नका. ते हलवताना पुंगळी घरंगळते आणि ती कुठे पडली त्यावरून झाडणाऱ्याची जागा काढायची असते. चार बाजूंनी दगड ठेवा, माणूस उभा करा, मोबाइलवर आधी लांबून, मग जवळून फोटो घ्या. जवळच्या फोटोत शेजारी काडेपेटी ठेवली की माप मिळतं. पाऊस असेल तर चार खुंटांवर ताडपत्री.

पोलिसांनी काय करायचं तेही माहीत असू द्या, म्हणजे पंच म्हणून सही करताना डोळे उघडे राहतील. प्रत्येक पुंगळी वेगळ्या कागदात, वेगळ्या डबीत. धातूचा चिमटा नको, गोळीच्या अंगावर खूण कोरणं नको, खूण डबीवर. डबीवर तारीख, वेळ, जागा, पंचांच्या सह्या, मग लाख. सहीआधी डबीतली वस्तू आणि पंचनाम्यातलं वर्णन स्वतः ताडून पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर येण्याची तरतूद कलम १७६(३) मध्ये आहे. ती पूर्ण अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञ लगेच आला नाही, तर चित्रीकरण तरी मागा.