‘कमिंग आउट’: बाहेर येणं की घरी सांगणं?

प्रश्न पंचवटीतल्या एका माळकरी घरातल्या मुलाचा आहे. तो गे आहे आणि ते आईला मराठीतून सांगायचं आहे. अशा सांगण्याला इंग्रजीत ‘कमिंग आउट’ म्हणतात, त्याला ‘बाहेर येणे’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. मराठीत बाहेर येते ती भानगड. शिवाय भाविक घरात ‘बाहेरचं’ म्हणजे सरळ भूतबाधा. इंग्रजीत आता ‘कपाटातून बाहेर येणं’ म्हणतात, पण मूळ शब्दात आधी कपाट नव्हतंच. वयात आलेल्या बड्या घरच्या मुलीला समारंभाने समाजापुढे आणायचे, त्याला तो शब्द होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या गे पुरुषांनी तो आपल्यासारख्यांच्या गोतावळ्यात दाखल होण्यासाठी उचलला. कपाट मागाहून आलं. तेव्हा शब्दशः भाषांतराचा हट्ट नको.

‘कबूल करणे’ तर मुळीच नको. कबुली गुन्ह्याची असते आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, कलम ३७७च्या निकालात, प्रौढांच्या संमतीने असलेल्या संबंधांतला गुन्हा काढून टाकला. ‘जाहीर करणे’ निकालाला आणि उमेदवारीला शोभतं. बोलताना लोक म्हणतात ते ‘घरी सांगणं’. ‘घरी सांगितलं का?’ एवढ्यावर जाणत्याला सगळं समजतं. नामच हवं असेल तर लेखात ‘स्वतःची ओळख सांगणे’ लिहावं.

खरी गोची पुढच्या वाक्यात आहे. ‘मला मुलांचं आकर्षण वाटतं’ असं हमखास म्हटलं जातं. पण ‘मुलांचं’ हे ‘मुलगा’चं रूप तसंच ‘मूल’चंही, त्यामुळे ऐकणाऱ्याला लहान लेकरं ऐकू येऊ शकतात आणि अनर्थ होतो. ‘पुरुषांविषयी’ म्हणावं. नुसतं ‘मला मित्र आवडतात’ म्हटलं तर आई म्हणेल, मग आवडू देत की!

‘मी गे झालो’ही टाळावं. होतो तो ताप, होते ती कावीळ. ‘झालो’ म्हटलं की ‘कधीपासून? कोणामुळे?’ सुरू होतं. ‘आहे’ म्हणावं, आणि ‘ठरवलं’च्या जागी ‘लक्षात आलं’. ‘मला त्रास होतोय’ हे वाक्य तर नाशकात विशेष महागात पडतं. त्रास म्हटलं की दोष आठवतो, दोष म्हटलं की त्र्यंबकेश्वर. तीन दिवसांच्या नारायण-नागबळीची तारीख ठरेपर्यंत मूळ मुद्दा बाजूला पडलेला असतो.

‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ दोन्ही रूढ आहेत. घरात पहिला बरा. दुसऱ्यातलं ‘लैंगिक’ बातम्यांमधल्या ‘अत्याचार’ला इतकं चिकटलंय की कानाला तेच लागतं. ‘म्हणजे तू तृतीयपंथी का?’ हा प्रश्न येणारच. त्याला ‘नाही, मी पुरुषच आहे, प्रेम वाटतं तेही पुरुषाविषयी’ हे उत्तर पुरे. त्यात तृतीयपंथीयांना कमी लेखणारा सूर मात्र नसावा.

सगळं जुळवलं तर वाक्य असं होतं: ‘आई, मी समलिंगी आहे. मला बायकांविषयी ओढ वाटत नाही, पुरुषांविषयी वाटते. हे तुझ्यामुळे नाही आणि हा आजारही नाही. मुलीशी लग्न करून तिची फसवणूक मी करणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नये. ते गाळलं तर आई ‘लग्न झालं की होईल सुरळीत’ म्हणून स्थळं बघायला लागते. वडिलांना घरात ‘तुम्ही’ म्हणत असाल तर तेच ठेवावं. एरवीची अदब त्या दिवशी सुटली तर तो उद्धटपणा वाटतो. दिवसही एकादशीचा, पाहुण्यांचा नको.

‘औषध घेऊ’ म्हणाले तर सांगता येतं की हा आजार नाही, असं भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे आणि ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं आहे. बोलून मन हलकं करायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फी आणि राहणं घरच्यांवर असेल आणि घर कडक असेल, तर मार्कशीट, आधार कार्ड, थोडे पैसे आणि एका मित्राचा पत्ता आधी हाताशी असावा. शब्द त्यानंतर.

राहिलं ‘आउट करणं’, म्हणजे आपल्या संमतीशिवाय दुसऱ्याने सांगून टाकणं. त्याला मराठीत फार नेमका शब्द आहे: परस्पर. ‘मी म्हणेपर्यंत मामाला परस्पर सांगू नकोस’ हे आईला त्याच बैठकीत म्हणून ठेवावं.