जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन दम सोडते तेव्हा: खोलण्याआधी काय तपासावे

प्रश्न: घरातील जुना तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर सकाळी चटकन सुरू होतो; मात्र नांगरणी करताना साधारण अर्ध्या तासाने त्याची रेस वर-खाली होते, जोर कमी होतो आणि तो बंद पडतो. दहा मिनिटांनी पुन्हा नीट चालतो. धूर फारसा नाही, तापमानाचा काटाही नेहमीच्या जागी असतो. मेकॅनिक इंजिन पूर्ण खोलायला सांगतात. काय करावे?

उत्तर: आपण लक्षणे बारकाईने लिहिली आहेत आणि त्यांवरून इंजिन खोलण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रिंगा (पिस्टनवरील कडी) किंवा लायनर (सिलिंडरच्या आतील नळी) झिजलेले असते, तर सकाळी सुरू करतानाच त्रास झाला असता आणि दहा मिनिटांच्या विश्रांतीने जोर परत आला नसता. ठरावीक वेळ चालून बंद पडणे आणि थांबल्यावर सुधारणे हे बहुधा डिझेल पुरेसे न पोहोचण्याचे लक्षण असते.

सर्वप्रथम टाकीचे झाकण पाहावे. त्यातील हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले, तर डिझेल कमी होत जाते तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पुरवठा अडतो. इंजिन दम सोडू लागताच ट्रॅक्टर थांबवावा, इंजिन बंद न करता झाकण सैल करावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर दोष तिथेच आहे. तसे न झाल्यास टाकीच्या तळाचा गाळ तपासावा. चालू इंजिनात तो ओढीने नळीच्या तोंडाशी येऊन बसतो आणि इंजिन थांबले की बाजूला होतो, म्हणून हा दोष फसवा असतो. इंजिन थंड असताना टाकीखालचा कॉक (तोटी) बंद करून नळी सोडवावी, खाली स्वच्छ भांडे धरून कॉक उघडावा आणि काही मिनिटे डिझेलची धार पाहावी. धार बारीक होत गेली, तर टाकी उतरवून धुवावी.

त्यानंतर डिझेल फिल्टर आणि फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या पंपाची) जाळी पाहावी. फिल्टर बदलताना सीलचे वॉशरही नवे घालावेत, कारण टाकी ते फीड पंप या ओढीच्या भागात सांधा सैल असेल, तर डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, उलट हवा आत शिरते. काम झाल्यावर फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाच्या हातदांड्याने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी, मग नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या डिझेल पंपावरही तशीच हवा काढावी. दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवणे चांगले. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री हवेतील ओलाव्याचे पाणी होते आणि ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते.

दुसऱ्या एका शेतकऱ्यांनी ओझ्याखाली काळा धूर येत असल्याचे विचारले आहे. तेथे हवा कमी पडत आहे किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) डिझेलचा नीट फवारा करत नाही. ऑइल बाथ एअर क्लीनर (तेलाच्या साहाय्याने हवा गाळणारा) असल्यास त्यातील घट्ट झालेले तेल काढून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरल्यानेही हवेला अडथळा होतो. नोझल मात्र चाचणी यंत्रावरच तपासून घ्यावेत. चालू इंजिनात नोझलच्या पाइपचे नट सैल करून कमजोर सिलिंडर शोधण्याची पद्धत प्रचलित आहे, पण ते जाणकाराचेच काम आहे. तेथे दर चौरस सेंटीमीटरला 100 किलोहून अधिक दाब असतो. तेथून उडणारी डिझेलची धार कातडी भेदून आत जाते आणि जखम क्षुल्लक दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे लागते.

ब्रीदरमधून (इंजिनातील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सतत जोराने धूर येणे, निळा धूर आणि ऑइलची पातळी वारंवार घटणे ही लक्षणे एकत्र दिसली, तरच झिजेचा संशय घ्यावा. तेव्हाही आधी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) गेजने मोजून आकडे वहीत लिहून घ्यावेत आणि ते पाहूनच इंजिन खोलायचे की नाही ते ठरवावे. वडीलधाऱ्यांनी इतकी वर्षे जपलेले यंत्र केवळ अंदाजावर खोलले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.