गाडी माझी, मग विकायला बंदी कशाची?

प्रश्न: फोर्ड जीटी ही मोजक्याच संख्येत निघालेली सुपरकार घेणाऱ्यांकडून कंपनी २ वर्षं गाडी विकणार नाही असं लिहून घ्यायची म्हणे. साडेचार लाख डॉलरच्या आसपास मोजायचे आणि वर हे? आमच्या कट्ट्यावर यावरून जोरदार भांडण झालंय, तुम्हीच सांगा. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: मी कंपनीच्या बाजूने आहे, स्पष्टच सांगतो. पहिल्या ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजार अर्ज आले होते, म्हणजे तुम्हाला मिळाली तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी हुकली, आणि तुम्ही ती लगेच लिलावात नेली तर त्या माणसाला राग येणारच ना! कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनाने आपली लवकर विकली, तर २०१७ मध्ये कंपनी कोर्टात गेली, पुढे तडजोड झाली. पण २०१८ ला इंडियानापोलिसच्या लिलावात एक जीटी १६.५ लाख डॉलरला गेली, तिथे कोर्टाने विक्री थांबवली नाही. विकणारा दुसरा मालक होता, कंपनीशी करार केलेला पहिला नव्हे. मग काही मालक चिडले, आम्ही शब्द पाळला आणि नफा भलत्याच्याच खिशात, आणि मला त्यांचं पटतं.

आपल्या आकुर्डीची चेतक आठवा. वडिलांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, बुकिंगची पावती प्लास्टिकमध्ये घालून कपाटात, आणि स्कूटर दारात आली त्याच दिवशी शेजारचे वर पैसे द्यायला तयार. वडिलांनी नाही विकली. अट कसलीच नव्हती त्यांच्यावर, तरी.